पहाटेचा नवरा

आमच्या घराला कुलूप लागत नसे. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या घरात कोणीतरी एक जण सतत असायचं. मी शाळेत शिकवायला गेले की आई घरी, आई भाजीला उतरली की मी घरी. दाराचं पितळी कुलूप फडताळात पडून होतं. एकदा सहज काढून पाहिलं तर किल्ली आत फिरेना. आईने त्यात खोबरेल सोडलं, पुसलं, आणि परत जागेवर ठेवलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आपल्या दोघींका एकदम खंय जावचा आसा?"

आई घरात मालवणीच बोलायची. मी तिच्याशी शाळेतल्यासारखं बोलायचे. वडील दोन्ही बोलायचे, पण ते झटक्याच्या आधी.

झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घशातून एक बारीक, लांबलेला आवाज तेवढा यायचा. कळायचं मात्र सगळं. डाव्या हाताशी आम्ही स्टीलचा चमचा ठेवला होता. काही हवं असलं की ते तो खाटेच्या लोखंडी नळीवर आपटत. आयुष्यभर विक्रोळीच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहिलेले वडील आता दिवसभर छताकडे पाहत पडून असत, आणि चमचा वाजला की आम्ही दोघी हातातलं टाकून धावत असू. शाळेत मधल्या सुट्टीत कोणी डब्यावर चमचा वाजवला तरी मी अर्धी उठायचे.

याच वर्षांत, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, मला ग्रीक कथांचं काम मिळालं. घाटकोपरला एक प्रकाशक होते. पुढे त्यांचा छापखाना आणि मागे, छपाईच्या अक्षरांच्या, खिळ्यांच्या खणांना लागून, त्यांचं टेबल. माझे एक-दोन लेख त्यांनी मासिकात वाचले होते. ते म्हणाले, "बाई, ग्रीकांच्या जुन्या गोष्टी आजच्या वाचकासाठी सांगा. भाषांतर नको. सांगा. आणि नावं कमी करा हो. आपल्या माणसाची जीभ तिथेच अडकते, आणि गोष्ट पुढे निघून जाते."

"आजचा वाचक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधा. मी कागद आणतो."

मी फार शोधलं नाही. माझ्याकडे एकच वाचक होती, तीही ऐकणारी. संध्याकाळी शाळेतून आले की वाचनालयातून आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकातली एखादी गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून आपल्या शब्दांत लिहायची. आई शेजारी काहीतरी निवडत किंवा चिरत असायची. लिहून झालं की मी तिला वाचून दाखवत असे. मधलं दार उघडंच असायचं, कारण चमचा ऐकू यायला हवा.

पहिल्यांदा मी त्या राजाची गोष्ट वाचली, ज्याला देवांना फसवल्याबद्दल डोंगरावर धोंडा चढवायची शिक्षा झाली. धोंडा माथ्याशी पोचला की गडगडत खाली, की पुन्हा ढकलायचा.

"तेची पाळी बदलूक कोण येना नाय?" आईने विचारलं.

"नाही."

"आयतवारी सुट्टी?"

"अगं आई, कायमची शिक्षा आहे ती."

"मगे तेच्यापरास ह्येंची कंपनी बरी."

बाहेरच्या खोलीतून तुटक तुटक श्वास ऐकू आले. वडील हसत होते. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

त्यानंतर मी जरा मोठ्याने वाचू लागले. बैलाच्या डोक्याचा मुलगा जन्मला म्हणून राजाने त्याच्यासाठी भुलभुलैया बांधला आणि त्याला आत कोंडलं, ही गोष्ट ऐकताना आईचा हात मेथीत थांबला. "तेका जेवाक कोण घालता?"

"काही वर्षांनी एकदा माणसं सोडायचे आत. रोजचं पुस्तकात काही नाही."

"तेची आवस जात असतली. लिवणाऱ्याक काय म्हायत?"

मी ते वाक्य गोष्टीत घातलं, की त्याची आई रोज भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. प्रकाशकांनी वाचून पेन्सिलीने रेघ मारली. "बाई, हे मुळात आहे?" मी नाही म्हणाले. "मग काढा." मी काढलं. घरी आईला मी ते सांगितलं नाही.

मग पहाटेची गोष्ट आली.

पहाट ही त्या लोकांची देवी. रोज सूर्याच्या आधी उठून ती आभाळाचं दार उघडते. एकदा तिचं मन एका माणसावर बसलं. माणूस आज ना उद्या मरणार, हे तिला सहन होईना. ती देवांच्या राजाकडे गेली आणि म्हणाली, याला मरण नको. राजा म्हणाला, दिलं. पण त्याचं तारुण्य टिकावं असं मागायला ती विसरली. काही वर्षं सुखाची गेली. मग त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, हातपाय उचलेनात. मरण तर येणारच नव्हतं. तो सुकत सुकत लहान झाला आणि शेवटी त्याच्यात फक्त आवाज उरला, बारीक, न थांबणारा. पहाटेने त्याला आतल्या खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. कोणी म्हणतात, त्याचा पुढे किडा झाला, उन्हाळ्यात झाडाच्या सालीला चिकटून दिवसभर किरकिरणारा.

हे लिहिताना मी गोष्ट नीट सांगण्यात गुंतले होते. वाचायला लागल्यावर, अर्ध्यात आल्यावर, मला कळलं की मी काय वाचतेय. पण मध्येच थांबले असते तर ते अधिकच उघडं पडलं असतं. मी आवाज खाली आणला आणि शेवटापर्यंत गेले.

आई विळीवर नारळ खवत होती. खवण्याचा आवाज कधी बंद झाला, माझ्या लक्षात आलं नाही. बाहेरच्या खोलीतून काहीही ऐकू येत नव्हतं, वडिलांचा नेहमीचा आवाजसुद्धा नाही.

आई म्हणाली, "तिका आतली खोली होती." आणि पुन्हा खवायला लागली.

पुढचे काही दिवस तिने गोष्ट मागितली नाही. मग एके दिवशी मी ओट्यापाशी चहा गाळत असताना ती पाठमोरीच म्हणाली, "ती इसारली नाय."

"कोण?"

"तुझी ती पहाट. कोण इसारता काय असला? माका पण आठवण होती. भियालंय मी."

आणि मग तिने सांगितलं. त्यासाठी गाऱ्हाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. कोकणात आमच्या गावी देवाकडे काही मागायचं तर ते मनातल्या मनात मागून चालत नाही. ज्याचा मान असतो तो माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि जे हवं ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पूर्ण बोलतो. प्रत्येक मागणीनंतर भोवतीची माणसं 'होय महाराजा' म्हणतात. होय कोणी म्हटलं नाही तर ती मागणी बोलणाऱ्या एकट्याची राहते, देवापर्यंत जात नाही, असं आमच्याकडे मानतात.

आमच्या घराण्यात तो मान वडिलांच्या धाकट्या चुलतभावाचा होता. काका विक्रोळीला चाळीत राहायचे, वडिलांच्याच कारखान्यात होते. झटका आला तेव्हा ते रजा काढून गावी गेले आणि ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून आले, एवढं मला माहीत होतं. काय मागितलं ते मी कधी विचारलं नव्हतं. आजारी माणसासाठी काय मागतात ते ठाऊकच असतं, असं मला वाटायचं.

"डॉक्टर म्हणालो, जगले तर नशीब," आई सांगत होती. "भावजी गाडयेक जावक निघाले, तेंका मी सांगलंय, फक्त जीव मागा. बाकी कायएक नको. दोन मागल्यार देव एकच देता, आणि खंयचा ता आपल्या हातात नाय. हातपाय दिल्यान आणि जीव काडून घेतल्यान तर? म्हणान मी हातपाय मागूक दिलंय नाय."

मी गाळणं हातात घेऊन उभी होते. "तसं नसतं गं, आई," असं काहीतरी म्हटलं असेन.

"भावजींका बोलव," ती म्हणाली. "ह्येंची सोडवणूक मागूया."

सोडवणूक म्हणजे काय ते मला कळलं. तिलाही मला समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही दोघींनी मधल्या दाराकडे पाहिलं. ते उघडं होतं.

"विक्रोळीला काकांच्या खोलीवर घालू," मी पुटपुटले. "इथे नको."

"घरच्या माणसाच्या पाठी मागनत नाय. आणि मी खंय येतलंय? ह्येंका कोण बघतला? नायतर तू एकटीच जा."

"म्हणजे होय महाराजा मी एकटीने म्हणायचं?"

तिने माझ्या हातातलं गाळणं काढून घेतलं.

"मी नाही म्हणणार," मी म्हणाले.

"मगे हयच."

दुसरी जागा नव्हतीच; मधलं दार लावलं तरी गाऱ्हाण्याचा आवाज पलीकडे गेलाच असता. पहाटेसारखी आतली खोली आमच्याकडे असती तर दार लावून जे मागायचं ते मागता आलं असतं. इथे ज्याच्यासाठी मरण मागायचं त्याच्या खाटेशी उभं राहून, त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने मागायचं होतं. आणि त्या दिवसांत आम्ही स्वयंपाकघरात जे जे कुजबुजलो ते सगळं त्यांच्या कानावर गेलं असणार. चमचा वाजायचा कमी झाला. पाणी हवं का विचारलं तर ते डोळे मिटून घेत.

मला काय हवं होतं, ते मी स्वतःलाही नीट सांगू शकत नव्हते. शाळेतून परतताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी रोज थोडा वेळ उभी राहायचे. वर गेलं की पुन्हा खाली येणं दुसऱ्या दिवशीच. त्या पायरीवर माझ्या मनात येई की सुटावं, आणि कोणी सुटावं हे मी मुद्दाम पुरं करत नसे.

काका रविवारी सकाळी आले. धोतर नेसून, पिशवीत नारळ घेऊन. उंबऱ्यातच म्हणाले, "वैनी, चाय नको हां आदी. झाल्यावर." मग खाटेपाशी जाऊन नेहमीच्या आवाजात, "काय दादानू, कंपनीत सगळे इचारतत. तुमच्या मशिनीर ठेवलेलो तो नवो पोरगो काम कमी आनि भांग जास्त पाडता."

वडील एरवी काकांच्या अशा बोलण्यावर श्वास सोडून हसायचे. त्या दिवशी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. फिरवता येत होती तेवढी सगळी.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी देव्हाऱ्यापुढे पाटावर तांदूळ पसरले, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. आई आणि मी मागे उभ्या राहिलो. खोली एवढी लहान की माझी पोटरी खाटेला टेकत होती.

"बा देवा महाराजा!" काकांनी सुरुवात केली. गाऱ्हाण्याचा आवाज वेगळा असतो. चाळीतल्या भांडणापेक्षा मोठा आणि तरी भांडणाचा नसलेला. "आज ही तुजी लेकरां मुंबैत तुजो नारळ ठेवन उभी आसत. काय चुकला माकला आसात ता पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा," आम्ही दोघी म्हणालो.

"हेंचा दारिद्र दूर कर, इडापिडा टाळ रे महाराजा!"

"होय महाराजा."

"आणि ह्यो माजो थोरलो भाव, गेली वर्सा खाटेर पडान आसा, तेका..."

काका थांबले. नारळाकडे पाहत राहिले. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता, तो स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"तेका आनि तेच्या लेकरांबाळांका सुखी ठेव रे महाराजा," ते घाईने म्हणाले.

होय कोणीच म्हटलं नाही.

"तसा नाय, भावजी," आई म्हणाली. "सांगलेला बोला."

"वैनी, माज्या तोंडातसून येवचा नाय ता. भाव आसा माजो."

"माजे कोण आसत मगे?"

आणि ती पुढे झाली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. काका बाजूला सरकले, नको म्हणाले नाहीत. आई नारळापुढे उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि तिने मान वळवून एकदा खाटेकडे पाहिलं. वडिलांची पाठमोरी मान दिसत होती, सकाळीच तिने विंचरलेले केस.

मी खाली पाहिलं. आता ती ते बोलणार, आणि मला होय म्हणावं लागणार.

"बा देवा महाराजा," आई म्हणाली. तिचा आवाज काकांसारखा मोठा निघाला नाही. "ह्येंच्या उजव्या हातात बळ घाल रे महाराजा."

काकांनी चमकून पाहिलं. मग पटकन म्हणाले, "होय महाराजा!"

"ह्येंका उठान बसव. ह्येंच्या तोंडात शब्द घाल."

"होय महाराजा," मीही म्हणाले.

"आपल्या पायांनी जिनो उतरांदेत. नाक्यार जावन पेपर हाडूंदेत."

"होय महाराजा!"

"आमटीत मीठ कमी म्हणान ताट सरकवंदेत. माज्यार वरडांदेत रे महाराजा. शेजाऱ्यांका ऐकाक जायत असा वरडांदेत."

याच वेळी खाटेची नळी वाजली. मी वळले. वडिलांनी मान इकडे केली होती आणि डाव्या हातातला चमचा नळीवर आपटला होता. काकांच्या होय महाराजाबरोबर तो पुन्हा वाजला. आई थांबली नाही. सगळी वर्षं जे मागायला ती भीत होती ते ती एकापुढे एक मागत होती. मागच्या वेळी राखून ठेवलेलं आणि त्याहून जास्त. गावच्या घराला नवे वासे, वडिलांना चप्पल घालून जत्रेला चालत नेणं, त्यांच्या हाताने तिच्यासाठी एक गजरा. मिळणार नाही हे तिला आमच्याइतकंच माहीत होतं.

"आणि माज्या ह्या चेडवाक," ती शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या खोलयेतसून भायर काड रे महाराजा."

"होय महाराजा!" काका म्हणाले.

चमचा वाजला. इतक्या जोरात, की तो त्यांच्या हातातून निसटून खाली गेला.

माझ्या तोंडून होय निघालं नाही. मी वाकून चमचा उचलला आणि त्यांच्या बोटांत परत दिला. त्यांनी तो धरला नाही, माझा हात धरला.

काकांनी नारळ फोडला. पाणी आईने चमच्याने वडिलांच्या ओठांशी नेलं, आणि ते त्यांनी हळूहळू घेतलं. मग चहा झाला. काकांनी मशीनवरच्या त्या नव्या पोराची गोष्ट पुन्हा सांगितली आणि या वेळी वडील हसले.

देवाने त्यातलं काही दिलं नाही. उजवा हात तसाच राहिला, आवाज तसाच. सोडवणूक पुन्हा कोणी काढली नाही. वडील पुढच्या वर्षी गेले. दुपारी, आई ताट वाढत असताना, चमचा न वाजवता.

गोष्टींचं काम तोपर्यंत रखडलं होतं. मग मी ते संपवलं. पहाटेच्या गोष्टीतलं एक वाक्य मी बदललं. 'त्याचं तारुण्य मागायला ती विसरली' याच्या जागी लिहिलं, 'तारुण्य मागायचं तिच्या ओठांवर होतं, पण दोन मागितली तर एकच मिळेल, या भीतीने तिने ते गिळलं.'

छपाईआधी तपासायची मुद्रितं आली तेव्हा प्रकाशकांची पेन्सिल बरोबर तिथेच होती.

"बाई, मुळात ती विसरली आहे ना?"

"हो."

"मग?"

"आजच्या वाचकासाठी सांगा म्हणाला होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि मुद्रित आत पाठवलं. पुस्तक आल्यावर मी आईला तेवढं पान वाचून दाखवलं. आईने विचारलं, "मगे तिणा परत जावन मागला?" तसं पुस्तकात नव्हतं. इंग्रजी पुस्तकातही नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. दुसऱ्यांदा मागायला जाणारी पहाट मला लिहिता आली नाही, अजूनही येत नाही. "माहीत नाही," मी म्हणाले.

वडील गेल्यावर आम्ही दोघी एकदम बाहेर पडू शकत होतो. एकदा पडलो. दार नुसतं ओढून घेतलं, शेजारणीला सांगितलं, आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे आई थांबली. म्हणाली, घरात कोण नाय. आम्ही परत आलो. त्यानंतर ती घरी आणि मी बाहेर, किंवा मी घरी आणि ती बाहेर, हीच रीत राहिली. खाट आम्ही काढली नाही. आधी त्यावर आई झोपू लागली, आणि शेवटी शेवटी तीही त्याच खाटेवर पडून असायची. तिला मी चमचा दिला होता. ती तो वापरत नसे, हाक मारायची.

आई या वर्षी गेली. दिवसकार्य झाल्यावर काकांची मुलं निघून गेली आणि मला दूध आणायला खाली जायचं होतं. दारात आले तेव्हा लक्षात आलं की मागे कोणी नाही. फडताळातलं पितळी कुलूप काढलं. किल्ली फिरली नाही. दूध आणायचं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला दारात बसवून मी नवं कुलूप आणलं.

आता रोज ते लावते, ओढून पाहते, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबते. आत नळी वाजत नाही, हे मला माहीत असतं. तरी ऐकून घेते. मग उतरते आणि लवकरच परत येते. आईच्या त्या शेवटच्या मागणीला मी अजून होय म्हटलेलं नाही.